जावईबापूंचं वजन

अग्निशमन केंद्राचे पथकप्रमुख तीन आठवडे सासुरवाडीला राहून आले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे टीव्हीचा रिमोट, आणि तोही दोनदा मेहुण्याने हातात आणून दिला होता. एरवी पहाटे साडेपाचला उठून दोरीवरच्या उड्या मारणारा हा माणूस तिथे नऊला उठायचा, न्याहारी करायचा आणि न्याहारीचा शीण घालवायला पुन्हा आडवा व्हायचा. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायामाचे बूट बॅगेतून काढून पलंगाखाली ठेवले. शेवटच्या दिवशी ते तसेच बॅगेत परत गेले. बुटांची सुट्टी छान झाली.

घरी आल्यावर गणवेशाची पँट मांडीपर्यंत आली आणि तिथे विचारात पडली.

"धुताना आटली वाटतं," ते म्हणाले.

"हो ना. कपाटात घडी घालून ठेवली होती, तिथेच आटली," बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. प्रदेशाचा विस्तार नजरेने मोजायची तिला सवय होती. "अकरा दिवसांवर चाचणी आलीय तुमची. उद्यापासून पळायला लागा, नाहीतर बसा फोनपाशी."

चाचणी हा थट्टेचा विषय नव्हता. दरवर्षी मुख्यालयातून परीक्षक यायचे. पाण्याच्या नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन चार मजले चढायचे, उतरायचे, आणि लगेच पंच्याहत्तर किलोचा पुतळा तीस मीटर वाहून न्यायचा; सगळं मिळून पाच मिनिटांत. नापास होणाऱ्याला सहा महिने बंबावर चढता येत नसे. त्याची रवानगी वरच्या नियंत्रण कक्षात, फोन घ्यायला. पथकप्रमुख गेल्या वर्षी चार सेकंद राखून सुटले होते. सोळा वर्षं ते बंबात पुढच्या सीटवर बसत आले होते, आणि ती सीट सोडली तर जगात आपली जागा कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तर माहीत असल्यासारखंच होतं.

पुतळ्याला केंद्रात जावईबापू म्हणत. ते स्वतः काही करत नसत, त्यांना उचलून न्यावं लागे, आणि कितीही केलं तरी चेहऱ्यावरची नाराजी हलत नसे. केंद्राची रीत अशी, की सुट्टीवरून परतलेल्याने पहिल्या सकाळी सगळ्यांसमोर जावईबापूंना खांद्यावर घेऊन आवाराला एक फेरी मारायची. मागच्या खेपेला बंबाचा चालक जावईबापूंसकट कुंपणाच्या झुडपात गेला होता. त्याचं वर्णन अजून संपलं नव्हतं.

या रीतीतून आपल्या साहेबांना वाचवायचं पथकातल्या दोघांनी ठरवलं. एकाला सगळे नळी म्हणत. तो लांब, बारीक आणि कोणीही वाकवावं तसा वाकणारा होता. दुसरा कुऱ्हाड, त्याला धार फक्त माणसाच्या पाठीमागे चढायची. दोघांचेही रजेचे अर्ज साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडले होते. साहेब यायच्या आदल्या दुपारी त्यांनी जावईबापूंच्या पाठीची चेन उघडली, चाळीस किलो वाळू बाहेर काढली आणि पोट खपाटीला जाऊ नये म्हणून आत जुनी ब्लँकेटं कोंबली. वाळू भिंतीवरच्या लाल बादल्यांत गेली. दोन वर्षं अर्ध्या असलेल्या त्या बादल्या पहिल्यांदा काठोकाठ भरल्या. खुशामतीतून सार्वजनिक हित साधल्याचं असं उदाहरण विरळाच.

सकाळी साहेबांनी बाह्या सावरल्या, देवाला हात जोडतात तसे जावईबापूंपुढे क्षणभर उभे राहिले आणि जोर लावला. जावईबापू खांद्यावर आले ते जवळजवळ पलीकडे पडले. साहेबांनी एक फेरी मारली. मग कोणी सांगितलं नसताना दुसरी मारली. दुसरीत त्यांनी चालकाची विचारपूससुद्धा केली.

"साहेब, सुट्टी नव्हतीच ही," नळी म्हणाला. "तालीम होती तालीम."

"वाघ गुहेत बसला म्हणून काय मांजर होतो?" कुऱ्हाड म्हणाला.

हरलेला माणूस कारणं शोधतो, जिंकलेला सिद्धांत मांडतो. साहेबांनी चहा यायच्या आत सिद्धांत मांडला. स्नायू व्यायामात झिजतात आणि विश्रांतीत वाढतात. आजवर आपण वाढवण्याऐवजी झिजवतच बसलो. दुसऱ्या दिवसापासून केंद्रातली सकाळची कवायत बंद झाली. तिच्या जागी 'सक्रिय विश्रांती' आली. सगळ्यांनी खुर्च्यांवर ताठ बसायचं, डोळे मिटायचे आणि आपण जिना चढतोय अशी कल्पना करायची. पंधरा मिनिटांत पथक मनातल्या मनात चौथ्या मजल्यावर पोचे, आणि चालक घोरू लागे.

कवायत सोडली नाही ती एकट्या उपप्रमुख बाईंनी. केंद्रात त्यांना सगळे ताई म्हणत. त्या रोज सकाळी सगळे डोळे मिटून बसलेले असताना खांद्यावर भेंडोळं घेऊन जिना चढत आणि उतरत. कल्पनेतल्या जिन्यापेक्षा त्यांच्या बुटांचा आवाज फार व्हायचा, अशी तक्रार नळीने केली.

तिसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"साहेब, जावईबापू हलके आहेत."

"हलके नाहीत ताई. मला हलके वाटले. फरक समजून घ्या."

"वाळू काढलीय त्यांच्यातली. भांडारात वजनकाटा आहे. चला, दोन मिनिटांत बघू."

साहेबांनी भांडाराच्या दिशेने पाहिलं आणि नजर परत आणली. तो काटा सपाट, मोठा, सिलिंडर तोलायचा होता. त्यावर पुतळा ठेवायला गेलं की कोणीतरी म्हणणारच, साहेब, आता तुम्हीही उभे राहा. सासुरवाडीहून आल्यापासून त्यांनी घरातला काटासुद्धा पलंगाखाली सरकवला होता.

"ताई, स्पष्ट बोलतो. तुम्हाला माझी सीट हवी आहे."

"हवीच आहे."

साहेब टेबलावरचे अर्ज सरळ करू लागले.

"हवी आहे," ताई म्हणाल्या, "पण चाचणीत तुम्हाला मागे टाकून. तुम्ही स्वतःच घसरून पडलात, तर मी काय मिळवलं? अजून आठ दिवस आहेत. उद्या सकाळी माझ्याबरोबर जिना चढा. कोणाला कळणार नाही."

"मत्सर माणसाला आतून पोखरतो, ताई," साहेब कनवाळूपणे म्हणाले. "तुम्हीसुद्धा थोडी विश्रांती घेऊन बघा."

ताई बाहेर गेल्या. लगेच साहेबांनी नळी आणि कुऱ्हाड यांना बोलावून विचारलं, की वाळूची काही भानगड आहे का. दोघांनी आईची शपथ घेतली. दोघांच्या आया खणखणीत होत्या आणि शेकडो मैल दूर होत्या. साहेबांचं समाधान झालं. त्याच समाधानात त्यांनी दोन्ही रजेच्या अर्जांवर सही केली.

घरी बायकोने विचारलं, "पळालात का आज?"

"पळण्याची गरज उरलेली नाही. आज पुतळा पुन्हा उचलला. एका हाताने."

"मग भाजीची पिशवी परवा जिन्यात का टेकवलीत?"

"ती असमतोल होती."

"बरं," ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली. तिच्याकडे त्या दिवशी नापास करायला बरीच मुलं होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. परीक्षक सुरुवातीला पुतळ्याचं वजन स्वतः तपासतील. पत्र वाचून नळीचा रंग उडाला. त्याने कुऱ्हाडीला बंबामागे ओढलं.

"वाळू भरली तर साहेब आडवे होतील."

"नाही भरली तर आपण आडवे होऊ," कुऱ्हाड म्हणाला. "तुझी रजा मंजूर झाली ना?"

"झाली."

"माझीही झाली. धर बादली."

निष्ठेचा हा प्रश्न एकूण दीड मिनिटात सुटला. वाळू परत जावईबापूंच्या पोटात गेली, ब्लँकेटं बाहेर आली. साहेबांना सांगायचं कोणी, यावर मात्र चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की सांगितलं तर त्यांचा आत्मविश्वास जाईल, आणि चाचणीत आत्मविश्वासच महत्त्वाचा असतो.

परीक्षक किडकिडीत, चष्मेवाले आणि मितभाषी होते. त्यांनी जावईबापूंना काट्यावर घातलं, पंच्याहत्तर हा आकडा लिहून घेतला आणि शिट्टी वाजवली. ताई पहिल्या गेल्या. तीन मिनिटं पन्नास सेकंद. मग कुऱ्हाड कसाबसा वेळेत आला. नळी वेळेत आला, पण येऊन झुडपात ओकला. चालकाने पूर्वीच्या झुडपाला वळसा घातला, आणि तेवढ्यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब शेवटी मैदानात उतरले. पहिला मजला त्यांनी हसत गाठला. दुसऱ्यावर हसू राहिलं, ते पुढे गेले. तिसऱ्यावर त्यांनी खिडकीशी थांबून बाहेरच्या दृश्याची पाहणी केली. बाहेर एक भिंत होती. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा बंबाच्या रंगाचा झाला होता. पण त्यांना चिंता नव्हती. अवघड भाग संपला होता. पुढे जावईबापू होते, आणि ते घरचेच.

त्यांनी एका हाताने जावईबापूंचं बखोट धरलं आणि वर ओढलं.

जावईबापू जागचे हलले नाहीत.

साहेबांनी दुसरा हात लावला. मग गुडघा टेकला. मग जावईबापूंना उराशी धरून मागे रेटा दिला, आणि दोघेही मातीतून चार पावलं सरकून एकमेकांच्या अंगावर पडले. वरचा कोण हे पटकन कळत नव्हतं. दोघांची नाराजी सारखीच होती.

"याचं... वजन... वाढलंय," साहेब धापा टाकत म्हणाले.

परीक्षकांनी वहीतून मान वर केली. "का? हाही सुट्टीवर गेला होता?"

शिट्टी वाजली. पाच मिनिटं संपली होती.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. साहेबांनी जागच्या जागी कागद मागवला आणि लेखी तक्रार दिली. तक्रारीत म्हटलं होतं, की सरावाच्या वेळी पुतळा हलका असून चाचणीच्या दिवशी तो कोणीतरी हेतुपुरस्सर जड केला. सबब चौकशी व्हावी. नळीने आकाशाकडे पाहिलं. कुऱ्हाडीने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि ती बराच वेळ बांधली.

परीक्षकांनी तक्रार दोनदा वाचली. "म्हणजे दहा दिवस तुमचं पथक हलक्या पुतळ्यावर सराव करत होतं?"

"सराव नाही," साहेब बाणेदारपणे म्हणाले. "सराव बंद होता."

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

परीक्षकांनी तेही लिहून घेतलं आणि खाली साहेबांची सही घेतली. सहा महिने फोनवर. बंब ताईंकडे. ताईंनी जावईबापूंना उठवून कोपऱ्यात ठेवलं आणि मग साहेबांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. स्वतःच उठले, दोन प्रयत्नांत.

सोमवारी साहेब वरच्या कक्षात टेबलापाशी बसले. दहा वाजता फोन वाजला. एका बाईंच्या शेजारच्या बंद दुकानातून धूर येत होता. साहेबांनी पत्ता नीट लिहून घेतला, घंटा वाजवली, पत्त्याचा कागद उचलला आणि सोळा वर्षांच्या सवयीने जिन्यावरून खाली धावले. बंब सुरू होता. पुढच्या सीटवर ताई हेल्मेटचा पट्टा लावत होत्या.

"पत्ता," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद वर दिला. हात दाराच्या दांडीवर तसाच राहिला.

"साहेब," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "फोन."

वर दुसऱ्यांदा फोन वाजत होता. साहेबांनी दांडी सोडली. बंब फाटकातून वळला, आणि ते बावीस पायऱ्या चढून वर गेले. फोन उचलला तोपर्यंत तो अकरा वेळा वाजला होता.

"अहो, गाडी निघाली का?" मघाच्याच बाई होत्या.

"निघा..." साहेब म्हणाले आणि टेबलाला धरून उभे राहिले. "निघा... ली."

पलीकडे मागे धुराने खोकणारी माणसं ऐकू येत होती.

"दादा," बाई काळजीने म्हणाल्या, "तुमच्याजवळ कोणी आहे का? खाली बसा आधी. मी डॉक्टरांचा नंबर देऊ का?"

साहेब खाली बसले. कागद-पेन्सिल समोरच होती. त्यांनी नंबर लिहून घेतला.