तीनचा आकडा

पोहांगच्या शाळेत चारशे पोरांच्या सूपचं पातेलं कलंडलं आणि स्वयंपाकीण मालसुनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आता इस्पितळात रोज सकाळी जुनी पट्टी सोलायची, मेलेली कातडी खरवडायची. त्याआधी दुखणं कमी करणारं एक इंजेक्शन.

तिसऱ्या दिवशी नर्स सॉन-आने तिच्या डोळ्यांवर दुखण्यावरून लक्ष उडवणारा, चित्रं दाखवणारा जाडजूड चष्मा चढवला. आत बर्फाचा डोंगर, पेंग्विन. मान वळवावी तिकडे बर्फ.

"मावशी, शून्य ते दहा, किती दुखतंय?"

सात दुखत होतं. आदल्या दिवशी दहा होतं. चष्म्याने काम केलं, खोटं कशाला बोला. पण ही पोरगी चष्म्यापायी दोन वर्षं मोठ्या डॉक्टरांची बोलणी खात होती. रोज उशाशी संत्रं ठेवून जायची. कुणी राबून ताट वाढलं तर 'मीठ कमी आहे' असं म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

"तीन," मालसुन म्हणाली.

पोरगी इतकी खुलली, की आठवण म्हणून फोटोही काढला.

पाचव्या दिवसापासून हात पेटल्यासारखा दुखू लागला. मालसुनला वाटलं, आपणच नाजूक झालो. ओठ चावून ती 'तीन'च म्हणत राहिली.

आठव्या दिवशी लिफ्टमध्ये लावलेल्या पोस्टरवर तिला स्वतःचाच फोटो दिसला. खाली लिहिलं होतं: चष्मा असेल तर अर्धं इंजेक्शन पुरतं. वेदना, तीन.

दुसऱ्या सकाळी तिने विचारलं, "अर्धं कधीपासून?"

सॉन-आ ट्रे लावत राहिली. "पाचव्या दिवसापासून. तुम्हीच तीन म्हणालात ना, मावशी."

"तुझं मन राखायला म्हणाले. कमी करताना मला विचारलंस?"

"आधी सांगितलं तर भीती बसते, आकडा वाढतो. मोठे डॉक्टर म्हणाले, सांगायचं नाही."

"मी ओठ चावायचे, ते दिसत नव्हतं?"

सॉन-आला दिसत होतं. चष्मा डोळे झाकतो, तोंड नाही.

"ते आकडे खोड."

"ते घेऊन मोठे डॉक्टर परिषदेला गेलेत."

"मग आज पूर्ण भर. माझ्यासमोर. आणि मावशी म्हणू नकोस. पेशंट म्हण."

इंजेक्शन पूर्ण भरलं. चष्मा चढला. पट्टी सुटू लागली.

"किती... पेशंटबाई?"

तोच बर्फ पडत होता. मालसुनने चष्म्याच्या आत डोळे मिटून घेतले.

"सहा," ती म्हणाली. "सहाच लिही."