डांगराला पहिला चिरा

डॉक्टर म्हणाला, "आजी, आता खाली बसायचं नाही." मी म्हणलं, "मग स्वयंपाक काय झाडावर बसून करू?" तो हसला. माझी सून तनुजा हसली नाही. ती मला ओळखते.

गुडघे माझे, पण त्यांच्यावर हुकूम लातूरच्या डॉक्टरचा. खाली बसायचं नाही म्हणजे इळीवर बसायचं नाही. लग्न होऊन रेणापूरजवळच्या या गावात आले तेव्हापासून मी इळीवरच चिरत आले. पाटावर पाय दाबायचा, पातं पुढ्यात उभं, आणि भाजी त्याच्याकडं सरकवायची. पातं जागचं हलत नाही, हलते ती भाजी. बोलता बोलता, न बघता मेथीची जुडी चिरून टाकलीय मी. ही फुशारकी नाही. फुशारकीच्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या पुढं येतील.

खरी पंचाईत होती येळवसाची. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोट तट्ट होईस्तोवर खायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत बरं का. तूर, वाल, हरभरा, वांगी, गाजर, पातीचा कांदा, लाल भोपळा, ज्याला आम्ही डांगर म्हणतो, असं जे जे हाती लागेल ते एका पातेल्यात चिंचेच्या पाण्यात, बेसन लावून शिजवायचं. आमच्या घरची रीत अशी, की जी बाई भज्जी चिरते तिनंच कोपीत लक्ष्मीला पहिला निवद दाखवायचा. माझ्या सासूनं तो मान मला दिला. मी अजून कुणाला दिलेला नाही.

दिवाळी सरली तशी माझी धाकटी जाऊ केवळाबाई दारात येऊन उभी.

"अक्का, औंदा भज्जी मी चिरते. तुमी आपलं खुर्चीवर बसून पोरांच्या पत्रावळ्या मांडा."

"खुर्ची तू घे, केवळे. बसून खायची सवय तुला हाय."

ती गेली, पण बोलणं ठेवून गेली. शेत दोघींच्या घरात एकच, येळवस एकच, पातेलं एकच. आणि एकदा ते तिच्या हाती गेलं की परत यायचं नाही. माझी जाऊ विरजणाला नेलेली वाटी परत करत नाही, तिथं मान काय परत करणार!

मी ठरवलं, उभ्यानं चिरायचं. ओट्यावर तनुजाची एक सुरी होती, प्लास्टिकच्या मुठीची. त्या सुरीनं फार तर लिंबू कापावं आणि नातवाच्या पेन्सिलीला टोक काढावं. मला मोठा, जडशीळ, घरात पाहुणा आला तर लपवावा लागेल असा चाकू पाहिजे होता.

शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, म्हणून सोमवारी तनुजाला घेऊन लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत गेले. भांड्यांच्या दुकानात विरूपाक्ष नावाचा तरणा मालक बसला होता. त्यानं आधी गुलाबी अन् निळ्या मुठीचे चाकू पसरले.

"हे बाहुलीच्या लग्नात आहेराला दे," मी म्हणलं. "कामाचा काढ."

मग त्यानं आतून एक डबा आणला. त्यातून वीतभराहून लांब, हाताच्या पंज्यासारखं रुंद पातं निघालं. त्यानं वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि सर्रकन कापला.

"मला कागदाची भज्जी करायची न्हाई, बाबा." मी पिशवीतून टमाटा काढला. चांगला पिकून मऊ झालेला, मुद्दाम निवडून आणला होता.

"आत्याबाई, तुमी घरून टमाटा आणला?" असं म्हणून तनुजा पलीकडं कुकर बघायला निघून गेली. जणू आम्ही दोघी वेगवेगळ्या गावच्या.

कच्चा टमाटा कुणीही कापेल. मऊ टमाट्याला वाईट पातं दाबून त्याचा रस काढतं, चांगलं पातं नुसत्या आपल्या वजनानं सालीतून आत जातं. हे गेलं. मग मी मूठ बघितली. खुरप्याचं पातं मुठीत अर्ध्यापर्यंतच असलं की पावसाळ्याआधी मूठ हातात अन् खुरपं गवतात. याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत आरपार होतं, वरून तीन खिळे मारलेले.

"हा दे," मी म्हणलं. विरूपाक्षानं तो तसाच माझ्या हातात द्यायला पुढं केला.

"खाली ठेव! धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण लागतं."

"मावशी, तुमच्यासंगट भांडायची माझी काय बिशाद!" म्हणून त्यानं तो खाली ठेवला, मी उचलला. किंमत सांगितल्यावर कुकर बघणारी तनुजा पळत आली. मी घासाघीस केली नाही. चांगल्या वस्तूपुढं मी गप्प बसते, एवढी रीत मला आहे.

घरी चाकूला हळदकुंकू लावलं, वांगं घेतलं आणि ओट्याशी उभी राहिले. आता माझे हात काय करतील? इतक्या वर्षांचं वळण! उजव्या हातानं मूठ ओट्याला टेकवून चाकू धार वर करून उभा धरला, आणि डाव्या हातानं वांगं त्याच्यावर ढकललं. वांगं चिरलं. बोटही.

"आत्याबाई! इळी न्हाई ती!" तनुजा ओरडली.

"माहीत हाय मला. वांग्याला माहीत नव्हतं."

बोटाला हळद दाबली आणि तिला म्हणलं, दाखव तुझा तो मोबाईल. त्यात एक दाढीवाला खालमानेनं कांदा कापत होता. डाव्या हाताची नखं मांजरासारखी आत वळवलेली, पात्याचं टोक फळीवरून उठतच नव्हतं, मागचा भाग तेवढा वरखाली. माणूस बडबडा होता, पण हात चांगला होता. मी त्याचा आवाज बंद करून हात तेवढे बघितले.

तरी काही जमेना. फळी ओट्यावरून सरकायची. ती सरकली की माझा उजवा पाय खाली जमिनीवर आपोआप दाबायचा. दाबून काय उपयोग, पाट कुठं होता तिथं? आणि तेव्हाच डोक्यात आलं. इळीला पायाचं वजन असतं, या फळीला पायच नाही. मी फडकं ओलं करून पिळलं, पसरलं आणि वर फळी ठेवली. फळी जी बसली, ती बसली. त्या दिवसापासून घरात सगळ्या भाज्या बारीक व्हायला लागल्या. माझा पोरगा भुजंग म्हणाला, "आई, कोबी शिजवलाय का शेवया?"

येळवसाच्या आदल्या दिवशी केवळा पुन्हा आली. ओट्यावर चाकू बघून पदर तोंडाला लावला.

"अगं बया! खाटकाचा सत्तूर! अक्का, दुकान टाकताय का काय?"

"पहिलं गिऱ्हाईक तूच दिसतीस."

"करा, चेष्टा करा. पण भज्जी रानात चिरायची असती. घरून चिरून नेलेलं वांगं काळं पडतं. अन् रानात ओटा हाय का? का ट्रॉलीत घालून नेणार?"

ट्रॉलीचं तिनंच सुचवलं. मी तिला फाटकाबाहेर पडू दिलं. मग भुजंगला हाक मारली. "सकाळी ट्रॅक्टरला ट्रॉली जोड. धुऊन घे चांगली."

दुसऱ्या दिवशी रानात त्यानं ट्रॉली आंब्याखाली उभी केली आणि मागचं फाळकं उघडलं. ट्रॉलीचा तळ माझ्या कमरेच्या जरा वर. मी ओलं फडकं पसरलं, त्यावर फळी ठेवली, चाकू काढला. खाली सतरंजीवर केवळा इळी घेऊन बसली होती. भावकीतल्या बाया शेंगा सोलत होत्या आणि सोलता सोलता आमच्याकडं बघत होत्या. दोघींपैकी कुणाची भज्जी, हे त्यांना आमच्याआधी कळायला पाहिजे होतं.

केवळाचा हात चलाख आहे, खोटं कशाला बोलू. वांगी तिनं भराभरा उरकली. मी गाजरं घेतली, मग कांद्याची पात. पात कापताना चाकूचा असा एकसारखा आवाज निघत होता की तनुजा शेंगा सोडून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बरोबरीनं चाललं होतं. मग डांगर आलं.

आखं, मांडीएवढं डांगर. केवळानं ते इळीवर टेकवलं, फिरवलं, परत टेकवलं. ते काही जाईना.

"कुणी पुरुष माणूस बोलवा गं," ती म्हणाली. "डांगर फोडायचंय."

आमच्यात आख्ख्या डांगराला बाईनं पहिला चिरा द्यायचा नसतो. आधी पुरुषानं द्यायचा, मग बाईनं फोडी करायच्या. माझ्या मालकानं कितीदा दिला, ते गेल्यावर भुजंगनं. कितीदा चूल पेटवून मी पुरुषाची वाट बघत बसलेय! पण पुरुष तिकडं कोपीवर कडबा रचत होते आणि कुणाला ऐकू जात नव्हतं.

"इकडं आण ते," मी तनुजाला म्हणलं.

"अक्का! रीत हाय!"

"रीत इळीची हाय, केवळे. इळीवर आखं डांगर जातच न्हाई. त्याला वरून घाव लागतो, अन् वरून घाव घालायचं हत्यार आपल्या हातात कुणी दिलंच नव्हतं. म्हणून पुरुषाची वाट बघायची. आता हाय हातात."

बाया सोलायच्या थांबल्या. मी डांगर फळीवर नीट बसवलं, देठाच्या बाजूला टोक रोवलं, डावा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि अंगाचं वजन हळूहळू सोडलं. गुडघ्यांवर नाही, खांद्यांतून. कर्र करून डांगर उघडलं. आत पिवळंधमक, बियांनी भरलेलं.

 मग केवळा उठली. उठताना तिनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्याला, आणि तोंडातल्या तोंडात "आई गं" म्हणाली. मी ऐकलं. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

ती ट्रॉलीपाशी आली. "द्या बघू इकडं. कसा चालतो?"

"हातात न्हाई देणार. भांडण लागतं."

"आता आनिक कुठलं लागायचं राह्यलंय?"

मी चाकू फळीवर ठेवला. तिनं उचलला, आणि धार वर करून उभा धरला.

"उलटा कर, बाई, उलटा. नखं आत घे. मांजरासारखी. तुला जमंल, वरबाडायची सवय हाय तुला."

भावकी खो खो हसली. केवळाही हसली, आणि तिनं अर्ध्या डांगराच्या फोडी केल्या. एकही सारखी नव्हती. मी तिला सांगितलं की शिजल्यावर कळत नाही. हे खोटं होतं, पण येळवसाला चालतं.

भज्जी शिजली. पातेल्याचा एक कान मी धरला.

"जड हाय, अक्का. दुसरा मी धरते," केवळा म्हणाली.

"धर. निवद मात्र मीच दाखवणार."

"दाखवा की. तुमाला कोण अडवतंय?"

कोपीच्या तोंडाशी भुजंग बाह्या सारत उभा होता. "आई, डांगर फोडायचं राह्यलं न्हाई का? आणा, चिरा देतो."

"पातेल्यात हाय," मी म्हणलं. "निवद झाला की हुडक."