लाल नेलपॉलिशचा थेंब

बाबूरावांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेली वस्तू परत बिघडून येत नाही, असं रामबागेतली निम्मी मराठी वस्ती सांगायची. उरलेली निम्मी गप्प असायची, कारण तिचे मिक्सर अजून त्यांच्याच टेबलावर पडलेले असत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि तिथली एक सवय त्यांनी घरीही सोडली नव्हती. तपासून झालं की लाखेचं सील. घरी लाख कुठली? बायको मागे ठेवून गेलेल्या लाल नेलपॉलिशच्या बाटलीतला एक थेंब ते टेकवत, आणि त्यांच्यापुरतं ते काम संपे.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मंजिरीच्या कंप्युटरचा पॉवर सप्लाय बंद पडला. ती घरून शिकवण्या घेते, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला. बाबूरावांनी ती पत्र्याची पेटी उघडली, आतले दोन फुगलेले कपॅसिटर बदलले, धोका नको म्हणून वाटेत एक बल्ब जोडून दिवसभर चालवून बघितली. पेटीच्या मागच्या अंगाला एक छोटं लाल बटण असतं, एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. आपल्याकडची वीज २३०ची. बटण चुकून ११५ वर गेलं तर पेटीत दुप्पट दाब शिरतो आणि बार उडतो. म्हणून बाबूरावांनी ते २३० वर ठेवून त्यावर थेंब टेकवला.

"तुमचे गुडघे दुखतात बाबा, मीच देऊन येतो नीचे," परेश म्हणाला.

परेश म्हणजे त्यांचा एकुलता एक. पुण्याहून आठ दिवसांसाठी आला होता. हा फ्लॅट विकून बाबांनी पुण्याला यावं, असं तो चार वर्षं म्हणत होता, आणि इथे माझं काम आहे, लोकांना माझी गरज आहे, असं बाबूराव चार वर्षं म्हणत होते. बाप-लेकाचं त्यावरून कधी वाजलं नाही, पण जुळलंही नाही.

परेशनं पेटी बसवली, मंजिरीनं कंप्युटर चालू केला, आणि वरपर्यंत ऐकू आला एवढा आवाज झाला. धूर निघाला. मंजिरी घाबरून किंचाळली. नंतर वर येऊन म्हणाली, "कोई बात नहीं काका, होतं असं. तुम्ही मनाला लावून नका घेऊ." ती ओरडली असती तर बाबूरावांना बरं वाटलं असतं.

"बाबा, एक सांगू?" परेश हळूच म्हणाला. "हात पहिल्यासारखे नाही राहिले तुमचे. उद्या कुणाला काही झालं म्हणजे?"

बाबूरावांनी आपले हात बघितले. इतकी वर्षं गाड्या ज्यांच्या भरवशावर धावल्या, ते हात. शरमेनं त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "बोलाव फ्लॅटच्या त्या तुझ्या गिऱ्हाइकाला." त्या क्षणी ते खरोखर म्हातारे झाले, हे मी त्यांच्या वतीनं सांगतो, कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत.

आज दुपारी परेश विक्रीचे कागद आणायला तुकोगंजला वकिलाकडे गेला. जळकी पेटी त्यानं भंगारात द्यायच्या पिशवीत बांधून ठेवली होती. बाबूरावांच्यानं राहवेना. निदान आपली चूक तरी कळावी! त्यांनी पेटी काढली आणि उघडली.

फ्यूज काळाठिक्कर. मोठे दोन कपॅसिटर फाटलेले. पण त्यांनी स्वतः मारलेले सोल्डरचे टाके एकेक तपासले, तर सगळे शाबूत, चकचकीत. मग हे झालं कसं? असं तर फक्त दुप्पट दाब शिरला तरच होतं.

त्यांनी पेटी उलटी केली. बटण ११५ वर होतं. लाल थेंब टोकदार काहीतरी घेऊन खरवडून काढला होता.

हे बटण काय करतं, ते या घरात दोघांनाच माहीत. दहा वर्षांच्या परेशला मांडीवर घेऊन त्यांनीच दाखवलं होतं. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता, आणि वर बापाचे हात पहिल्यासारखे राहिले नाहीत म्हणून काळजीही दाखवली होती!

पण बाबूरावांनी आदळआपट केली नाही. खोक्यातून सुटे भाग शोधून पेटी दुरुस्त केली. बल्बवर धरली, चालली. बटण २३० वर आणलं. थेंब मात्र लावला नाही.

चारला परेश कागद घेऊन आला. टेबलावरची पेटी बघून त्याचा चेहरा उतरला.

"अरे यार बाबा, फिर वही? कशाला खोललं?"

"झाली नीट. बस, तेवढा स्विच दाब."

परेश पुढे झाला. बोट स्विचवर नेलं, आणि दाबायच्या आधी वाकून पेटीच्या मागे बघितलं. बटणाकडे.

बाबूराव हेच बघायला थांबले होते. देवा, हा वाकू नये, असंही त्यांना त्याच वेळी वाटत होतं.

"घर मागितलं असतंस तर दिलं असतं रे," ते म्हणाले. "रडून मागायचं, भांडून मागायचं. माझे हात का घेतलेस?"

"बाबा, मला वाटलं फक्त फ्यूज उडेल... तुम्ही ऐकतच नव्हता. तुमच्या भल्यासाठीच..."

बाबूरावांनी बाटली उघडली. बटणावर थेंब टेकवला. हात जराही हलला नाही, आणि तो हलत नाही हे दोघांनीही पाहिलं. मग पेटी उचलून ते दाराकडे निघाले.

"जिना आहे बाबा. द्या इकडे, मी नेतो."

"नको," बाबूराव म्हणाले. "तुझ्या हातात आता काही द्यायचं नाही."

सही न केलेले कागद टेबलावर राहिले. कठडा धरून, एकेक पायरी करत, ते मंजिरीकडे उतरायला लागले.