खंडेनवमीच्या पाटावर

साल २०१६. मित्रांनो, तेव्हा मी बिबवेवाडीत होते. मी एक जुनी गिटार. केनियातल्या किसुमू गावच्या एका सुताराने मला घडवलं आणि ओटिएनो मला खांद्याला लावून पुण्याला शिकायला आला. शिक्षण संपलं, तरी भाड्याच्या खोलीत राहून तो ब्लूज गात राहिला. ब्लूज म्हणजे मनातलं दुःख तालावर मांडणारं गाणं. छोट्या हॉटेलांतून लोक ते ऐकत, टाळ्या वाजवत. घरी आला की तो आधी माझ्या तारा पुसायचा, मग जेवायचा.

घरमालक आप्पासाहेबांचे कान मात्र थोर! माझा सूर लागला की जिन्यातून विचारत, "अहो, कुणी गेलंय का तुमच्याकडे? नाही ना? मग हे रडगाणं कशाला?"

त्या वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी गोव्याच्या एका वाद्यवृंदाचे प्रमुख ओटिएनोला ऐकायला एका हॉटेलात येणार होते. काम मिळालं तरच त्याला या देशात राहता येणार होतं. दुपारी तो इस्त्रीचे कपडे आणायला गेला आणि आप्पासाहेबांच्या पत्नी मथुराबाईंनी दुसऱ्या किल्लीने खोली उघडून मला उचललं, पाटावर बसवलं. तारांवर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, शेजारी मिक्सर आणि स्कूटरचा पाना. वर्षभर जिला नावं ठेवली, तिच्यापुढे आप्पासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. काय ती भक्ती!

ओटिएनो धावत आला. "मावशी, आज माझं गाणं आहे."

"पुजलेलं आज हलवायचं नसतं रे. उद्या दसऱ्याला ने."

"उद्या ते लोक नसतील!"

"मग तोंडाने म्हणा की," आप्पासाहेब म्हणाले. "गाण्याला गळा लागतो. लाकूड कशाला?"

परमुलखात घरमालकाच्या देवाशी कोण भांडणार? तो रिकाम्या हाताने गेला. परतल्यावर जिन्यातच मथुराबाईंना म्हणाला, "त्यांना वाजवणारा हवा होता."

दसऱ्याला तो मला न्यायला आलाच नाही. महिन्याभरात तो मायदेशी निघाला. मथुराबाईंनी मला त्याच्यापुढे धरलं. तोवर तो पक्का पुणेकर झाला होता. "राहू द्या मावशी. मी वाजवीन दुसरी. तुम्हाला पूजेला काहीतरी लागेलच."

आप्पासाहेब आता नाहीत. मथुराबाई वाघोलीला मुलाकडे असतात. वर्षातून एकदा मला कपाटावरून उतरवतात आणि "आमच्याकडे संगीताची फार आवड" असं पाहुण्यांना सांगतात. ओटिएनो किसुमूच्या मासळीबाजाराजवळ गातो, असं त्याचा एक मित्र सांगून गेला.

मित्रांनो, वाद्याची पूजा नाही केलीत तरी चालेल. ज्याचं आहे, त्याने मागितलं की त्याच्या हातात द्या.