बिनउन्हाचे दिवस

जमालने बहरीनहून पाठवलेलं सोलरचं पॅनल, तिथून सुट्टीवर आलेल्या युसुफने होळीच्या सुमाराला घरपोच आणून दिलं, तेव्हा मैमुनाने आधी पेटीवरचा पत्ता वाचला. अक्षर नवऱ्याचंच होतं. फळ्या उकलल्यावर सासूने त्या चुलीसाठी मागितल्या. पत्त्याची फळी तेवढी मैमुनाने बाजूला काढली.

शहाऐंशी साल. हेदवीच्या अलीकडे, खाडीच्या वर कातळावर त्यांचं घर. खाली मोहल्ल्यात वीज येऊन सहा वर्षं झाली होती, पण या एकट्या घरासाठी खांब काही वर चढले नव्हते. रॉकेलचा धूर आईच्या डोळ्यांना सोसत नाही म्हणून जमालने पॅनल धाडलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण पत्राच्या तळाशी त्याने मैमुनासाठी एक ओळ लिहिली होती : 'आता टेपच्या सेलांसाठी गुहागरला खेपा घालायला नकोत.'

जमाल पत्रं थोडीच लिहायचा. कोणी गावी निघालं की त्याच्याबरोबर बोललेली कॅसेट पाठवायचा. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते आणि चार कॅसेटी आल्या होत्या.

पॅनल बसवायला गुहागरहून आत्माराम आला. तो पूर्वी बोटीवर इलेक्ट्रिशियन होता, आता मासेमारीच्या मचव्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. कौलांवर पॅनल चढवून झाल्यावर तो पडवीत पेन्सिल घेऊन बसला.

"पॅनल ऊन असेल तवाच वीज देणार. साठवायचं बॅटरीत. ती केवढी घ्यायची, ते तुमी सांगायचं."

"आमाला काय कळतंय त्यातलं?" सासू शरीफा म्हणाली.

"पाण्याचं कळतंय ना, चाची? रोज किती हंडे लागतात, आणि विहीर आटली तर किती दिवस काढायचे, त्यावर रांजण ठरतो. तसंच हे. फक्त हा रांजण अर्ध्याच्या खाली उपसायचा नाय, आतल्या प्लेटी खराब होतात."

दोन दिवे, रोज चार तास. त्याने लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "आणि टेप?"

मैमुना दारात उभी होती. सासूची नजर तिच्याकडे वळली.

"एक तास," मैमुना म्हणाली. "तोही रोज नाय."

खरं तर दुपारी सासू आडवी झाली की ती टेप चुलीपाशी नेऊन आवाज बारीक करायची, आणि भाकरीचं पीठ, कोलंबी, निवडायचे तांदूळ सगळं जमालच्या बोलण्यावर व्हायचं. तीन तास सहज जात. पण ते परक्या माणसापुढे, सासूच्या देखत कसं सांगणार?

आत्मारामने आकडे मांडले. दिवसाला साडेसात अँपिअर-तास. आभाळ पाच दिवस झाकलेलं राहिलं तर साडेसदतीस. अर्धीच वापरायची म्हणून दुप्पट, पंचाहत्तर. ट्रकची एक बॅटरी पुरेल.

उन्हाळाभर पुरलीही. आषाढात मात्र आभाळ असं बसलं की दुपारीच घरात दिवा लागावा. सातव्या दिवशी दुपारी मैमुनाने तिसरी कॅसेट लावली. तीत जमाल तिथल्या खोलीत सोबत राहणाऱ्या माणसांची गंमत सांगायचा. मध्येच त्याचा आवाज जड झाला, संथ झाला, एकेक शब्द ओढत येऊ लागला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. टेप बंद करायला गेलेला तिचा हात तिथेच थांबला. जमाल म्हातारा झाला की असा बोलेल, तिच्या मनात आलं. आणि तोवर त्याचं किती बोलणं आपल्या कानांवर पडलेलं असेल? आवाज थांबेपर्यंत ती बसून राहिली.

निरोप गेल्यावर दोन दिवसांनी आत्माराम आला. काचेच्या नळीत बॅटरीतलं ॲसिड ओढून त्याने ते उजेडाकडे धरलं.

"तळ गाठलाय. सात दिवसांत एवढी उतरायला नको होती. जास्तीचं काय चालतंय?"

मैमुनाने पदर सावरला.

"टेप," ती म्हणाली. "एक तास नाय, आत्मारामभाऊ. तीन."

तिला वाटलं, सासू आता काहीतरी बोलेल. शरीफा जमिनीकडे बघत होती. आत्माराम मान खाली घालून गुणाकार करत राहिला.

"सात दिवसांचे चौसष्ट झाले. बॅटरी पंचाहत्तरची. मग वरचे अकरा गेले कुठे?"

शरीफाने खाकरून घसा साफ केला.

"दोन तास माझे लिही," ती म्हणाली. "सकाळी ही पाण्याला जाते तवा."

मैमुनाने चमकून सासूकडे पाहिलं. टेपचं बटण दाबायलाही आपल्याला येत नाही, असं ही बाई मोहल्लाभर सांगायची.

"पाच तास," आत्माराम कागदावर लिहीत म्हणाला. "दिवसाला अकरा धरू. सात दिवसांचे सत्त्याहत्तर, दुप्पट केले की दीडशेच्या वर जातात. अशीच आणखी एक बॅटरी लागंल. रोज थोडं कमी ऐका, म्हणजे भागंल."

"कमी होणार नाय," शरीफा म्हणाली.

दुसरी बॅटरी महिन्याभराने आली. त्याच आठवड्यात पाचवी कॅसेटही आली. जमालने त्यात सांगितलं होतं की कंपनी आणखी दोन वर्षं ठेवून घेतेय, पगार वाढवतेय, नाही कसं म्हणायचं.

आत्मारामने दोन्ही बॅटऱ्या शेजारी ठेवून तारा जोडल्या. "पाणी वेळेवर घाला," तो म्हणाला. "तीन वर्षं बघायला नको."

"दोनच वर्षं टिकणारी नसते का?" मैमुनाने विचारलं.

तो हसला. "कमी टिकणारी कशाला पायजे?"

तिने आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला.

तो गेल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर, शरीफाने टेप पडवीत आणून ठेवला आणि सुनेला हाक मारली. दोघी पहिल्यांदाच एकत्र ऐकायला बसल्या. कॅसेट फिरू लागली. दोघींनाही कुठे बघावं ते कळेना, म्हणून दोघी खाडीकडे बघत राहिल्या. जमाल आईला सलाम म्हणाला, मग जरा थांबून त्याने मैमुनाचं नाव घेतलं. शरीफाने हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.