बावीस डोळे

पहिल्याच खुंटापाशी सुनेचा हात थांबला. पट्टीचं एक टोक तिने दातात धरलं होतं, दुसरं खुंटाभोवती अर्धा वेढा घेऊन तसंच राहिलं. सालीच्या चिरेत बसवलेला डोळा उलटा होता.

ती आणखी खाली वाकली. गुलाबाचा डोळा तो केवढा, तांदळाच्या कणीएवढा. पण त्याचं टोक वर असतं आणि खाली, पानाच्या देठाच्या जागी, नखाच्या कोरीसारखी बारीक खूण असते. इथे खूण वर होती आणि टोक मातीकडे. तिने पुढचा खुंट पाहिला, मग त्याच्या पुढचा. बावीसच्या बावीस तसेच.

वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला सासरे उपड्या बादलीवर बसून चाकू पुसत होते.

"काय गं, पट्टी बांधतेस की वेणी घालतेस?"

"बांधतेय, बाबा."

नर्सरीत त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. चाकू चालवतात, पट्टी बांधायला वेगळं माणूस ठेवतात आणि रोग्याशी चार शब्दसुद्धा बोलत नाहीत, म्हणून. चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा सालीसकट अलगद काढायचा आणि रानगुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात बसवायचा, याला डोळा भरणं म्हणतात. एकतीस वर्षं ते डोळेच भरत आले होते. या हिवाळ्यात त्यांचे स्वतःचे दोन बिघडले. कडेचं दिसे, पण समोर, नेमकं जिथे बघायचं तिथे, राखाडी डाग. सून दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता?

"डोळे भरतो," सासरे म्हणाले. "हात चालला तर दिवसाला दोनशे."

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. सुनेला हसू आवरेना, म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली. पण बाईंनी पुढे जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली जपायची, एवढंच हातात होतं.

त्यानंतर त्यांनी भरलेले निम्मे डोळे काळे पडले. नर्सरीच्या मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सासऱ्यांना ऑफिसात बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर, आता गेटवर बसा. पगार आहे तोच राहील."

"गेटवर बसायला मी काय कुलूप आहे?" एवढंच बोलून सासरे उठले होते. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात वादळात कुंपणाची भिंत कोसळली ती नेमकी मालकीणबाईंच्या वडिलांनी लावलेल्या गुलाबावर. दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा त्याचा रंग, आणि तसलं दुसरं झाड कुणी कुठे पाहिलेलं नव्हतं. विटा उपसल्या तेव्हा खोड चिरडलेलं निघालं. तगल्या त्या चार काड्या. मालकीणबाईंनी त्या स्वतः कापल्या, काटे मोडले, ओल्या गोणपाटात गुंडाळून डॉक्टरांच्या हातात दिल्या. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"एवढं जगवा," त्या म्हणाल्या. "गेटचं मग बघू."

काड्यांवर डोळे निघाले बावीस. घोटाळा झाला तो इथेच. एरवी काडीवर पानांचे अर्धे देठ राखतात. डोळा धरायलाही ते बरे पडतात आणि वरची बाजू कुठली तेही सांगतात. मालकीणबाईंनी काळजीपोटी देठ पार मुळापासून उडवले होते आणि जुडी बांधली तीही शेंडे खाली करून. सासऱ्यांनी हाताच्या सवयीने वरचं टोक ते वरचं धरलं. सून पट्ट्या भिजवून आणेपर्यंत शेवटचा डोळा चिरेत गेलासुद्धा होता.

आता सांगून उपयोग काय? एकदा बसवलेला डोळा उपसला की कापलेली बाजू सुकते, तो पुन्हा धरत नाही. आणि दुसऱ्या काड्या कुठून आणायच्या? लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, "बाबा, चुकून उलटा बसला तर?" तेव्हा ते म्हणाले होते, "मला काय माहीत? माझा कधी बसलाच नाही." त्या बोलण्यातला तोरा तिला आठवला.

तिने बावीसही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. उजव्या बाजूने दोन वेढे, डोळ्यावरून एक, वर तीन, गाठ. पट्टीआड काही दिसत नव्हतं. फसवणूक म्हणा हवं तर. तिनेही मनातल्या मनात तेच म्हटलं.

तीन आठवडे ती सासऱ्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. त्यांना तशीही ती दिसत नव्हती.

पट्ट्या सोडायच्या दिवशी ते म्हणाले, मी सोडतो. पहिली सोडून त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "धरलाय," ते म्हणाले आणि चेहरा उजळला. अंगठा पुन्हा वर गेला आणि तिथेच राहिला. अंगठ्याचं नख एका जागी चाचपत राहिलं.

"हा उलटा आहे."

"हो," सून म्हणाली.

"सगळे?"

"हो, बाबा."

ते एकेक पट्टी सोडत, नखाने खूण शोधत वाफ्याच्या शेवटापर्यंत गेले. एकोणीस जिवंत होते, तीन वाळलेले. मग बादलीवर टेकतील असं तिला वाटलं, तर ते सरळ ऑफिसकडे निघाले. सून मागे धावली. दारातूनच त्यांनी सांगून टाकलं, "बाई, डोळे मी उलटे भरलेत. एकोणीस धरलेत, पण तोंडं खाली आहेत. पुढे काय होईल मला ठाऊक नाही."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "देठ मीच उडवले होते. जुडीही मीच बांधली."

"देठ नव्हते तर मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर दिसत नाही हे सांगावं लागलं असतं. महिना द्या. आज खुंटांचे शेंडे छाटतो."

स्वतःची चूक इतक्या ताठ मानेने सांगणारा माणूस सुनेने पाहिला नव्हता. तिला त्यांचा अभिमान वाटला, आणि आपण तीन आठवडे गप्प बसलो याची लाजही.

शेंडे छाटल्यावर खुंटाची सगळी ताकद डोळ्यात उतरते. बाराव्या दिवशी डोळे फुटले. तांबूस, गवताच्या काडीएवढे कोंब, आणि सगळे निघाले मातीच्या दिशेने.

"खाली चाललेत, बाबा."

"जाऊ दे. डोकं खाली करून निजवलंय मी त्यांना. उठायला वेळ लागणारच."

रोज सकाळी ते बादली घेऊन वाफ्याशी बसायचे आणि एकेका कोंबाला बोट लावून बघायचे. घरी परतले की टाकाऊ काड्यांची जुडी मांडीवर घेऊन, डोळे मिटून, नखाने डोळ्याखालची खूण शोधत बसायचे. सून भाजी चिरता चिरता बघायची. सुरुवातीला दहातले चार चुकायचे. मग दोन. मग तिने मुद्दाम जुडी उलटसुलट करून दिली, तरी एकही चुकेना.

"नखाला सगळं कळतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं."

एकविसाव्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली. आवाज असा, की ती झारी टाकून धावली.

"इथे बोट लाव. वळतोय."

कोंब मातीला टेकायला दोन बोटं उरली होती आणि तिथून त्याचं टोक बाजूला झालं होतं. दोन दिवसांत ते आडवं झालं, चार दिवसांत वर. मग दुसरा, मग पाचवा. वर कुठे आणि खाली कुठे हे कोंबांना कुणी सांगितलं नव्हतं, काठी लावली नव्हती, दोरा बांधला नव्हता. महिना भरला तेव्हा वाफ्यात एकोणीस आकडे उभे होते, छत्रीच्या मुठीसारखे, आणि प्रत्येकाचं टोक आभाळाकडे.

मालकीणबाई आल्या आणि चपला काढून वाफ्याशी उकिडव्या बसल्या. आधी हसल्या. मग बाहीने डोळे पुसले.

"सरळ वाढले असते तर मी एवढं पाहिलंही नसतं," त्या म्हणाल्या. उठताना सुनेकडे वळून म्हणाल्या, "गेटसाठी एक चांगलं कुलूप आणायला सांग कुणाला तरी."

त्या दिवशी सासऱ्यांनी दोनदा भात वाढून घेतला.

पुढच्या सोमवारी नवा वाफा घेतला. सासरे पुढे, डोळे मिटलेले, नख काडीवर. मागे पट्ट्या बांधत सून. सूर्य वर येईपर्यंत दोघं काम करत राहिली.

"त्या दिवशी पहिल्याच खुंटाला तुझा हात थांबला होता," सासरे एकदम म्हणाले. "पट्टी ओढली की चर्र वाजते. वाजता वाजता थांबली."

सुनेच्या तोंडातून पट्टीचं टोक सुटलं. "मग विचारलं का नाही?"

"तू बांधलंस ना. म्हटलं, हिला काहीतरी जगण्यासारखं दिसलं असणार."

तिला तसलं काही दिसलं नव्हतं. ती नुसती घाबरली होती. हे आत्ता सांगावं, की आयुष्यभर पोटात ठेवावं, ते तिला ठरवता येईना. डोळे भरून आले होते म्हणून ती पुढच्या खुंटावर जरा जास्तच वाकली. सगळे डोळे सुलटे होते, एकेक पारखून बसवल्यासारखे. अशी ती वाफ्याच्या शेवटच्या खुंटापाशी आली, पट्टीचा अर्धा वेढा घेतला आणि थांबली.

"बाबा, हा एक—"

"बांध, बांध," सासरे चाकू पुसत म्हणाले. "तो मुद्दाम आहे."