झोपली

लिफ्ट थांबली तेव्हा इंजेक्शनची पिशवी माझ्या हातात होती. आधी एक धक्का बसला, मग डोक्यावरचा दिवा गेला.

"काय झालं हो?" विहीणबाईंनी माझी बाही धरली.

"लाइट गेली असेल. येईल आता."

मी सहज म्हणालो, पण ते खरं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला आहे. वरच्या फटीतून व्हरांड्यातला दिवा दिसत होता, म्हणजे लाइट गेलेली नव्हती. बिघाड लिफ्टचाच होता.

जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. समोर नुसती भिंत, आणि छातीच्या उंचीवर वरच्या मजल्याची फरशी. त्या फटीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं तेवढी दिसायची.

वर बायकांच्या वॉर्डात माझी एकुलती एक मुलगी होती. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. ऑपरेशन झालं, पण ताप उतरेना आणि डोळ्याला डोळा लागेना. ती बरळायची, हातातली सुई उपटायला बघायची. जावई तिचे दोन्ही हात धरून बसून होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे इंजेक्शन वॉर्डात संपलंय. बाहेरून आणा, आणि लवकर आणा."

याच इमारतीत माझ्या बायकोच्या वेळीही मला असंच 'लवकर आणा' म्हणून पिटाळलं होतं. मी लवकर आणलं होतं. तरी ती गेली. त्याला अजून वर्ष झालेलं नाही.

"माझ्या गुडघ्यांमुळं झालं हे," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही एकटे असतात तर जिन्याने केव्हाच पोचला असतात."

"असू द्या."

"असू द्या म्हणताय, पण तोंड बघा, कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालंय. बोला की काहीतरी."

मी फटीतून कोणी दिसतंय का बघत होतो. तेवढ्यात फटीशी निळ्या रबरी चपला येऊन थांबल्या. वॉर्डातल्या सफाईच्या मावशी.

"कोण अडकलंय आत?"

"मावशी, लिफ्टमनला शोधा," मी ओरडलो. "म्हणावं, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन हाताने लिफ्ट हलव. आणि आधी बायकांच्या वॉर्डात निरोप द्या. कोपऱ्यातली खाट. म्हणावं, तिचे वडील इंजेक्शन घेऊन लिफ्टमध्ये अडकलेत."

"देते, देते. ओरडू नका, मी काय बहिरी नाही."

चपला गेल्या. माझ्या फोनला रेंज नव्हती, विहीणबाईंचा फोन वर खाटेवर राहिला होता. आम्ही अंधारात उभे राहिलो. आयुष्यभर मी असा अडकलेल्या माणसांना बाहेरून सांगत आलो, 'बसून राहा, दाराला हात लावू नका, मी आलोय.' माणसं आतून शिव्या द्यायची. ती शिव्या का द्यायची, ते मला त्या दिवशी कळलं.

चपला परत आल्या.

"अहो बाबा, दिला निरोप. तुमची मुलगी झोपली. सिस्टर म्हणाल्या, आता काही घाई करायला नको."

एवढं बोलून मावशी लिफ्टमनच्या नावाने हाका मारत निघून गेल्या.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी मरत नाही. माणूस प्रभूमध्ये झोपतो. रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब सांगतात, अमुक भगिनी झोपल्या, आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. माझ्या बायकोच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते मला आठवत नाही. पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून "झोपल्या त्या" म्हटलं, तेव्हा मला ते कळलं. त्यानंतर मी आणि माझी मुलगी आपसात तो शब्द साध्या झोपेसाठीही वापरेनासे झालो. 'जरा पडतो' म्हणायचं, 'डोळा लागला' म्हणायचं. विहीणबाईही त्याच मंडळीतल्या. त्यांनाही मी ऐकलं तेच ऐकू आलं.

माझ्या बाहीवरचा त्यांचा हात सुटला. त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

मी पिशवी खाली ठेवली आणि आतलं जाळीचं दार सरकवलं. बाहेरच्या दाराची कडी कुठे असते आणि ती आतून हात घालून कशी उचलायची, हे मला डोळे मिटूनही जमतं. कडी उचलली. फरशीच्या कडेला हात टेकून अंग वर घेऊ लागलो.

"कुठं चाललात?"

"वर."

"आणि लिफ्ट हलली तर?"

"हलू दे."

त्यांनी मागून माझ्या पँटचा पट्टा घट्ट धरला. त्या बाईत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"पोरांच्या लग्नात जेवताना सगळ्या पंगतीला तुम्ही काय सांगत होतात? अडकल्यामुळं माणूस मरत नाही, बाहेर पडायची घाई केली की मरतो. माझ्या घशाखाली घास उतरू दिला नाहीत! आणि आता स्वतः?"

"सोडा मला! माझी पोर गेली तिकडे!"

"माझीही गेली," त्या म्हणाल्या. "आता कशाला धावता व्याही? जिला पोचायचं ती पोचली. खाली या. माझ्या लेकाला आज आणखी एक मढं दाखवू नका."

मी खाली आलो, दार ओढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसलो. दात एकमेकांवर आपटत होते, ते मला थांबवता येईनात. आता माझं कोणीच उरलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

विहीणबाई बोलायला लागल्या. माझ्याशी नाही.

"प्रभू, मी तुझ्याकडे सून मागितली, तू मुलगी दिलीस. आज घेतलीस. हे मला आवडलेलं नाही, तुला सांगते. तुझी वेळ मला कळत नाही. पण तू खोटा नाहीस. माझ्याशी तू कधी खोटं वागला नाहीस. आताही वागत नसशील. मला तेवढं धरून ठेवता येऊ दे."

"वेळेचं नाव काढू नका!" मी ओरडलो. "त्याच्या वेळेपायी माझं घर रिकामं झालं. कोणाशी बोलताय तुम्ही?"

"मग दुसरं कोण आहे इथं बोलायला?" त्या रडत म्हणाल्या. "तुम्ही? तुमचे तर दात वाजताहेत."

त्या तेच तेच बोलत राहिल्या. तू खोटा नाहीस. मला ते पटत नव्हतं, पण त्या थांबल्या तर काय, याचीही भीती वाटत होती. म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

मग वरून कोणीतरी मशीनचं चाक हाताने फिरवायला लागलं. लिफ्ट जराशी उचलली, थांबली, पुन्हा उचलली. फरशी छातीवरून गुडघ्यावर आली, मग पायाशी. लिफ्टमनने दार उघडलं. तो काहीतरी माफीचं बोलत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिथून जिना चढून वॉर्डात गेलो. विहीणबाई कठड्याला धरून मागून येत होत्या. मुलीच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. माझ्या बायकोच्या खाटेभोवतीही असाच ओढला होता. मी तिथेच उभा राहिलो. पडदा सरकवायला हात उचलेना. विहीणबाई आल्या आणि त्यांनी तो सरकवला.

जावयाने तोंडावर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय."

पोरगी कुशीवर वळली होती. तोंड उघडं होतं, कपाळावर घाम होता. ती घोरत होती.

"म्हणजे झोपली म्हणजे... झोपली?" विहीणबाईंनी विचारलं.

"झोपली म्हणजे झोपलीच. आणखी काय?" सिस्टर म्हणाल्या. "ताप उतरायला लागलाय. तुम्ही गेलात आणि खालच्या वॉर्डात एक इंजेक्शन सापडलं. हे आणलंत ते संध्याकाळच्या डोसला होईल. हळू बोला हो, किती दिवसांनी झोपलीय बिचारी."

विहीणबाई तोंडावर हात दाबून बाहेर गेल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. मी पोरीच्या नाकाशी हात धरून उभा राहिलो. गरम श्वास लागत होता. सिस्टरने माझा हात धरून बाजूला केला तेव्हा मी हटलो.

मुलगी वाचली. नंतर घरीही आली. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ताप उतरतोय एवढंच माहीत होतं, आणि उतरलेला ताप पुन्हा चढतो, हे मी बायकोच्या वेळी बघितलं होतं.

बाहेर विहीणबाई बाकावर गुडघे चोळत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो.

"खरंच गेली असती तर?" मी विचारलं. "तेव्हाही 'तू खोटा नाहीस' म्हणाल्या असतात?"

"तेव्हा म्हटलंच की. गेली असंच समजून म्हटलं ना मी?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि माझी बायको?"

एरवी त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

"ते मला ठाऊक नाही, व्याही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

मग त्यांनी डोळे मिटले आणि मला कोपराने ढोसलं. "आता तुम्ही बोला. मघापासून मी एकटीच बोलतेय."

आमच्या घरी प्रार्थना बायको करायची. मी डोकं खाली घालून बसायचो. मीही डोळे मिटले. आभार मानायचे होते, पण आभाराचा एकही शब्द तोंडात येईना.

"प्रभू," मी म्हणालो, "मला भीती वाटते."

व्हरांड्यातून कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं वाजत होती. विहीणबाईंनी जरा वाट पाहिली. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर त्या मोठ्याने "आमेन" म्हणाल्या, पूर्ण प्रार्थनेला म्हणतात तसं.